वाचून दाखवले व समजले

अंगठा कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवलं नाही. पण वर्षभरात हात असा बसला की दुसऱ्या कुणी घेतलेला अंगठा मी लांबून ओळखायचे. बाईचा हात आधी पुसून घ्यायचा, कारण त्याला पीठ, शेण नाहीतर लेकराची लाळ लागलेली असते. अंगठा पॅडवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला लोळवायचा, घासायचा नाही. घासला की नुसता डाग होतो, आणि डाग कुणाचा आहे हे देवालाही सांगता येत नाही. शेवटी खोबरेलाचा बोळा द्यायचा, म्हणजे शाई निघते आणि बाई जरा हसते.

मी आरोग्य उपकेंद्रात अंशकालीन स्त्री परिचर होते. अंशकालीन म्हणजे अर्धा वेळ. अर्धा वेळ कागदावर होता. झाडणं, पाणी भरणं, लशीची पेटी घेऊन सिस्टरबरोबर वाड्यावस्त्यांवर चालणं, बाया बोलावून आणणं, बाळंतपणात हात धरून बसणं, हे सगळं त्या अर्ध्यात बसायचं. आणखी एक काम होतं, ते नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. साक्षीदार होणं.

आमच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, संघटनेच्या दिवाळी अंकात लिहा मावशी, तुमच्याकडं लई किस्से आहेत. मी नाही म्हटलं. चार माणसांत तोंड उघडायला मला आजही घाम येतो, मग छापून येणं तर लांबच. पण नातीची गणिताची वही अर्धी कोरी उरली होती. तिच्यात लिहून ठेवते आहे. चौथीपर्यंतच शाळा झाली, तेव्हा कुठं काही चुकलं असलं तर चुकलं.

सरकारी दवाखान्यात माणूसही सांभाळावा लागतो आणि कागदही. माणूस बरा होऊन घरी गेला तर कागदाला कुणी विचारत नाही. माणसाला काही झालं तर मात्र माणसाला कुणी विचारत नाही, सगळे कागद मागतात. म्हणून प्रत्येक गोष्टीला फॉर्म असतो. सुई घ्यायची तर फॉर्म, नको असली तरी फॉर्म. फॉर्म भरलेला असला की डॉक्टरांना झोप लागते.

एकदा मी मोठ्या आरोग्य केंद्रात मदतीला असताना एक नानाराव म्हणून म्हातारे आले, साप चावलेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, जालन्याला पाठवतो, गाडी बोलावली आहे. नानाराव म्हणाले, मला मांत्रिकाकडं जायचंय. डॉक्टर खूप बोलले, शेवटी म्हणाले, "मग लिहून द्या, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे." मी पॅड पुढं केलं.

नानारावांनी अंगठा मागं घेतला. "काय लिहिलंय म्हन्लं?"

"स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे."

"मंग आल्तो कुणाच्या जबाबदारीवर?"

मी न राहवून म्हटलं, "आलात तवा आमच्या, बाबा. हा अंगठा लावला की मंग तुमच्या."

म्हातारा जरा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "तुमच्याच ऱ्हाऊ द्या," आणि स्ट्रेचरवर जाऊन आडवा झाला. पुढं दहा वर्षं जगला आणि भेटला की विचारायचा, "काय बाई, जबाबदारी बरी हाय न्?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कागद नुसता भरायचा नसतो, तो माणसाला ऐकू गेला तर माणूस वेगळं वागतो. पण कळलं म्हणून मी लगेच सुधारले, असं नाही. मी साक्षीदार म्हणून सह्या करतच होते. बायांच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर खाली छापलेलं असायचं, 'वरील मजकूर वाचून दाखवला व समजला.' त्याच्याखाली बाईचा अंगठा आणि शेजारी साक्षीदार बाईची सही. घरच्या बाया बावरून जायच्या, म्हणून सिस्टर म्हणायच्या, मावशी, तुम्हीच करा. मी माझं नाव नीट, वळणदार, काना-मात्रा सांभाळून लिहायचे. वर काय आहे ते कधी वाचलं नव्हतं.

ते वाचायला मला एका शेठजींनी लावलं. त्यांच्या आजोबांपासून इथंच कापडाचं दुकान, मूळ राजस्थानचे. मोतीबिंदूचं शिबिर होतं. शेठजींनी फॉर्म हातात घेतला, उजेडाकडं धरला, डोळ्यांजवळ नेला आणि मला विचारलं, "बाई, ह्यात काय लिहिलंय?"

"ऑपरेशनला परवानगी, शेठजी."

"ते तर मला बी माहीत आहे. अजून काय?"

"अजून... ते छापीलच आहे."

"छापील आहे तर बराबर. पण साक्षीदार तू न्? मी काय ऐकलं त्याची साक्ष तू देणार, अन् काय ऐकवायचं ते तुलाच माहीत न्हाई?"

मागची रांग कुरकुरायला लागली. शेठजी बिलकुल हलले नाहीत. त्यांनी सिस्टरकडून सगळा फॉर्म मोठ्यानं वाचून घेतला, दोन ठिकाणी थांबवून प्रश्न विचारले, आणि मगच सही केली. जाताना मला म्हणाले, "आम्ही दुकानात गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवतो. घडी दाखवून कुणी विकत न्हाई."

मी त्या संध्याकाळी बायांच्या ऑपरेशनचा एक कोरा फॉर्म घरी नेला. दिवेलागणीला चुलीपुढं बसून वाचायला चार दिवस लागले. 'अयशस्वी' हा शब्द तीन वेळा अडला. दोन शब्द शाळेतल्या गुरुजींना विचारले. त्यांना वाटलं, मी कुठल्या भानगडीत सापडले आहे. फॉर्म सगळा समजला तेव्हा मला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. सगळं खरं खरं लिहिलं होतं. हे ऑपरेशन कायमचं आहे. दुसरे उपाय आहेत. माझ्या मर्जीनं करते आहे, कुणी जबरदस्ती केली नाही. नवऱ्याच्या सहीची गरज नाही. आणि मधे एक कलम होतं, ऑपरेशन क्वचित अयशस्वी होऊ शकतं, पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात कळवावं. इतकं सरळ सांगितलेलं असून ते कुणाच्याच कानावर जात नव्हतं.

तिथून पुढं मी वाचून दाखवायला लागले. दहा-बारा बाया जमवायच्या, खाली बसायचं, एक कलम वाचायचं आणि मग आपल्या भाषेत सांगायचं. डोकं खाली घालूनच वाचायचे मी, पण वाचायचे. बाया बोलायच्या.

"मावशी, फेल गेलं तर ते लेकरू सरकारचं का?"

"सरकारला सांभाळता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"नवऱ्याची सही लागत न्हाई म्हंता? मंग माझ्या सासूला वाचून दाखवा की एकडाव."

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना हे फार आवडायचं नाही. ते नवीन होते, शिकून नुकतेच बाहेर पडलेले, स्वभावानं चांगले. त्यांच्यावर वर्षाचं उद्दिष्ट असायचं, इतक्या बाया झाल्याच पाहिजेत. ते म्हणायचे, "मावशी, फेल जातं ते कलम एवढं ठासून सांगू नका, बाया उठून जातात." मी मान हलवायचे. दोन-चार बाया खरंच उठून जायच्या, आणि महिन्याभरानं परत यायच्या. ज्या वाचून घेऊन आल्या त्यांनी पुढं कधी आमच्याशी भांडण केलं नाही. यात माझी अक्कल होती असं मी म्हणणार नाही, पण हट्ट माझाच होता. त्याचा मला आजही अभिमान आहे.

आता ज्या दिवशी मी वाचलं नाही त्या दिवसाचं लिहिते.

आरोग्य केंद्रात दुर्बिणीनं नळी बांधायच्या ऑपरेशनचा कॅम्प होता. सर्जनसाहेब जालन्याहून येणार होते, त्यांना पुढं दुसऱ्या तालुक्यात जायचं होतं, आणि गाडी वाटेत बंद पडल्यामुळं ते फार उशिरा आले. बाया सकाळपासून उपाशी. ऑपरेशनला पोटात काही चालत नाही. व्हरांडाभर गाद्या टाकलेल्या, अंगावरची लेकरं रडून राह्यली, उन्हानं पत्रा तापलेला. सिस्टर धावत आल्या. "मावशी, आज वाचत बसू नका. अंगठे घेऊन टाका. साहेब थांबणार न्हाईत, अन् ह्या बाया उपाशीच माघारी जातील."

त्यांचं चुकत नव्हतं. उपाशी बायांचे चेहरे मीही पाहत होते. मी टेबलाशी बसले आणि एकामागं एक अंगठे घ्यायला लागले. कोऱ्याच फॉर्मवर. नावगाव नंतर भरायचं ठरलं.

रांगेत मनीषा होती. आमच्याच भागातल्या एका वाडीवरची, हसनाबादच्या बाजाराला जाताना ती वाडी लागते. दोन लेकरं, धाकटं खांद्यावर. ती पुढं आली आणि म्हणाली, "मावशी, मला सही येते. दहावीला बसले होते मी."

"माहीत आहे बाई. पण लेकरू खांद्यावर आहे, कागद कुठं धरशील? जल्दी कर. अंगठा दे."

तिनं दिला. तेवढ्यात लेकरानं पॅडवर हात मारला आणि आपल्याच गालाला शाई फासली. सगळ्या बाया हसल्या. मनीषाही हसली. मी शेजारी माझी सही केली, वळणदार. 'वाचून दाखवला व समजला.'

ऑपरेशन सगळ्यांची नीट झाली. संध्याकाळी भाताची पेज पिऊन बाया घरी गेल्या. मला समाधान वाटलं होतं.

दोन पावसाळे गेले. लशीच्या दिवशी उपकेंद्रात मनीषा आली. तिच्या लेकराची लस नव्हती. सगळ्या बाया जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग विचारलं, "मावशी, ऑपरेशन झाल्यावर दिवस जातात का?"

सिस्टरनी तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा आल्या. सिस्टर खाली बसल्या.

"किती दिवस चुकली पाळी?"

"तिसरा महिना असंल. मला वाटलं, अशक्तपणा असंल. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुसरं मनात कशाला येईल?"

मग तिनं बाकीचं सांगितलं. तिचा नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येतो. सासूला उलट्यांवरून कळलं. सासू अंगणात उभी राहून म्हणाली होती, शेजारपाजारला ऐकू जाईल अशी, "ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जातेत कसे, कुणी तरी सांगा मला!" नवरा आला, न जेवता परत गेला, आणि फोन उचलत नाही. मनीषाच्या भावाला निरोप धाडला होता, रविवारी येऊन बहिणीला घेऊन जा.

"गेले की परत आणणार न्हाईत, मावशी. अन् लेकरं ठेवून घेणार. मी काय करून बसले म्हणून हे?"

तिनं काहीच केलं नव्हतं. केलं होतं आम्ही. त्या दिवशी ते एक कलम ऐकलं असतं तर पहिल्याच महिन्यात ती आमच्याकडं आली असती, आणि सासूला तोंडावर सांगू शकली असती की असं होऊ शकतं, कागदावर आहे.

आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, सोनोग्राफीला चिठ्ठी दिली, हवं असेल तर इथंच मोफत मोकळं करता येईल हेही सांगितलं. मनीषा म्हणाली, "आता पाडलं तर लोक म्हंतील, लपवलं." ती बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी कपाटातून तिचा फॉर्म काढला.

"दोन आठवड्यांत कळवायचं होतं. कळवलं नाही. म्हणजे आपल्यावर काही येत नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. "मावशी, तुमचा जबाब लागेल. वाचून दाखवलं होतं म्हणून."

"साहेब, वाचलं न्हवतं."

ते उठले आणि दार लावून आले. "मावशी, खाली तुमची सही आहे."

"सही आहे. वाचलं न्हवतं."

"हे इथं बोललात ते बोललात. बाहेर बोलू नका. चूक आपण होऊन कबूल करायची नसते. चौकशी लागली तर सगळ्यात आधी तुमच्यावर येईल."

"मंग तिला एवढं तरी लिहून द्या साहेब, की ऑपरेशन झाल्यावर बी असं होऊ शकतं."

"लिहून दिलं म्हणजे आपण मान्य केलं."

"न्हाई दिलं तर तिचं घर जातं."

त्यांनी फॉर्म परत कपाटात ठेवला. वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. घाबरलेला माणूस कागदाच्या मागं उभा राहतो, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. मी स्वतःही उभी राहिले होते.

सिस्टर म्हणाल्या, आपण कोरा फॉर्म घेऊन तिच्या घरी जाऊ, त्यात कलम छापलेलंच आहे. आम्ही गेलो. सासूबाईंनी दारातच विचारलं, "हे काल छापून आणलं का? तुम्ही तिला वाचवायला आल्यात. माझ्या सुनेनं अंगठा लावला तो कागद दाखवा." आम्ही माघारी आलो. वाटेत सिस्टरना रडू आलं. मला शेठजींची आठवण झाली. कागद ज्याचा आहे त्यानं तो उलगडून मागायचा असतो.

शुक्रवारी मी मनीषाला बोलावून घेतलं आणि उपकेंद्रातच अर्ज लिहायला बसवलं. माझ्या ऑपरेशनच्या संमतीपत्राची प्रत मला मिळावी. तिचं अक्षर सुरेख, ओळी सरळ. खाली तिनं पूर्ण नाव लिहून सही केली. आम्ही तिघी जाऊन तो अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. मग फॉर्म काढून शेजारी ठेवला. एका कागदावर ती सही, दुसऱ्यावर तो निळा अंगठा.

"हिला लिहिता येतं?"

"दहावीला बसलेली आहे, साहेब."

"मग अंगठा का?"

"घाई होती. मीच म्हटलं, जल्दी कर."

त्यांनी शिपायाला झेरॉक्स काढायला पाठवलं. प्रत आली, तिच्यावर शिक्का मारला, सही केली आणि मनीषाच्या हातात दिली. मला म्हणाले, "तुमचा जबाब मी लिहून देणार नाही, मावशी. तुम्हीच लिहा. काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे." ते रागावले होते की मोकळे झाले होते, मला तेव्हा कळलं नाही.

मनीषानं ती प्रत माझ्याकडंच ठेवायला दिली होती, ती घेऊन रविवारी मी एकटीच गेले. सिस्टर येते म्हणत होत्या, पण सही माझी होती. दारात मनीषाच्या भावाची मोटारसायकल उभी होती, तिला पिशवी अडकवलेली. तिचा नवराही आलेला, ओट्यावर खाली बघत बसला होता. या घरी मी कैक वेळा लस घेऊन आले होते, पण ओट्याच्या वर कधी गेले नव्हते. कुणी या म्हटलं नव्हतं आणि मीही गेले नव्हते. त्या दिवशीही खालीच उभी राहिले.

"आज दुसरा कागद आणला का?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणलात तोच आणलाय, मामी. सुनेचा अंगठा बघा. शेजारी माझी सही."

मी कलमावर बोट ठेवलं आणि वाचलं. ऑपरेशन अयशस्वी होण्याची शक्यता असते हे मला माहीत आहे. मग आपल्या भाषेत सांगितलं. नळी बांधली तरी कधी तरी, एखाद्या बाईची, आपोआप मोकळी होते. त्यात बाईचा काही दोष नसतो. घरी नवरा असतो, बाई असते, दिवस जातात. एवढंच झालंय.

नवऱ्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग हे तवाच का न्हाई सांगितलं?"

डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. चूक कबूल करायची नसते.

"सांगायला पायजे होतं, भाऊ. ते काम माझं होतं. त्या दिवशी घाई होती म्हणून मी वाचलं न्हाई, अन् वाचलं म्हणून सही केली. तुमच्या बायकोला सही येते हे माहीत असून अंगठा घेतला. चूक माझी आहे. तिची न्हाई."

मी इतकं एकदम कधीच कुणापुढं बोलले नव्हते. मग सासूबाई ओट्यावरून एक पायरी खाली आल्या आणि कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. अंगठ्यावर त्यांनी आपलं बोट फिरवलं.

"माझं बी ऑपरेशन झालंय, बाई. ह्याच्या पाठीवर. मला बी कुणी वाचून दाखवलं न्हवतं. तवा माझं फेल गेलं असतं तर माझ्या सासूनं मला हिरीत ढकललं असतं."

त्या मुलाकडं वळल्या. "बघून काय राह्यला? ती पिशवी काढ गाडीवरची."

नवरा उठला. पिशवी काढली, मनीषाच्या हातात दिली, तिच्याकडं न बघता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, ह्याची एक झेरॉक्स मला भेटंल का? कारखान्यात लोक लई बोलून राह्यले."

निघताना सासूबाई म्हणाल्या, "अशी खालच्या खाली चालली का? वर ये. बस."

मी बसले.

पुढचं थोडक्यात लिहिते. मनीषाला मुलगी झाली. सरकारकडून ऑपरेशन फेल गेल्याची भरपाई असते, त्यासाठी जिल्ह्याला कागद गेले आणि चौकशी लागली. दोन आठवड्यांचं कलम निघालं. मी माझा जबाब आपल्या हातानं लिहिला होता. तो अजून पाठ आहे. 'त्या दिवशी मी फॉर्म वाचून दाखवला नाही. बाईला सही येत होती तरी अंगठा घेतला. घाई होती. घाई माझी नव्हती पण सही माझी होती. जे बाईला सांगितलंच नाही ते तिनं केलं नाही म्हणून तिला दोष देता येणार नाही.'

समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगून लिहून घेतलं?"

"अक्षर बघा साहेब. कुणी शिकलेल्यानं सांगितलं असतं तर ह्रस्व-दीर्घ बी सांगितले असते."

ते हसले. भरपाई मंजूर झाली. मला लेखी ताकीद मिळाली, यापुढे असा निष्काळजीपणा खपवून घेतला जाणार नाही. सरकारचा एखादा कागद मला मनापासून पटला असेल तर तो. ट्रंकेत ठेवला आहे, नेमणुकीच्या पत्राजवळ.

आणि डॉक्टरांनी एक केलं, ते लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्यांनी हुकूम काढला की कॅम्पच्या आदल्या दिवशी बायांना उपकेंद्रात बसवून, पोटात अन्न असताना, फॉर्म वाचून दाखवायचा. कोऱ्या फॉर्मवर अंगठा घ्यायचा नाही. जिला सही येते तिच्या लेकराला दुसऱ्या कुणी धरायचं आणि सहीच घ्यायची. ते बदली होऊन जाताना मला म्हणाले, "मावशी, मी शिकलो होतो की कागद आपल्याला वाचवतो. तो दोघांना वाचवतो, हे तुमच्याकडून शिकलो." मी त्यांच्या गाडीचं दार लावलं.

एक मात्र मनाला लागून राहिलं आहे. त्या दिवशी कोऱ्या फॉर्मवर मी आणखी ज्या बायांचे अंगठे घेतले, त्यांच्याकडं नंतर एकेक करून गेले आणि कलम सांगितलं. तिघी सापडल्या नाहीत. कारखान्यावर, शहरात, कुठं कुठं निघून गेल्या होत्या. त्यांचं सगळं ठीकच असेल. पण मी ते वाचून दाखवलेलं नाही.

मला नोकरीतून सुटून आता काही वर्षं झाली. मागच्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मोठ्या दवाखान्यात गेले. लांब रांग. टेबलापाशी एक तरुण नर्स, हातात पॅड. तिनं माझं पांढरं डोकं आणि साधं लुगडं पाहिलं आणि माझा हात धरला. "आजी, अंगठा द्या."

"मला सही येते, बाई."

"मग करा सही. जल्दी करा, मागं लोक आहेत."

"आधी वाचते."

मागून एक गडी म्हणाला, "आजी, वाचून काय डॉक्टर व्हायचंय का?" दोन-तीन माणसं हसली. माझे कान तापले. एका डोळ्यानं अक्षरं धूसर दिसत होती. वाटलं, करून टाकावी सही आणि मोकळं व्हावं.

तेवढ्यात रांगेतली एक बाई, डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याच वयाची, पुढं सरकली. "वाचू द्या त्यांना. अन् ओ बाई, मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा. आमच्या बी कागदात तेच असंल."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज आधी निघेना, मग निघाला. दुसऱ्या ओळीला रांग गप्प झाली. नर्सनं पॅडचं झाकण लावलं आणि तीही ऐकत उभी राहिली.